पहिला वाडगा

दोल्गोरने ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागे उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली, कुणाच्या तरी पिशवीतले कांदे घरंगळत थेट तिच्या सीटखाली आले, आणि एक म्हातारा ओरडला, "अगं बाई, माणसं भरलीयस, बटाट्याची पोती नव्हेत!" एरवी तिने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. उलानबातरच्या रस्त्यावर विजेच्या तारेवरची बस चालवणाऱ्या बाईला जीभ असावीच लागते. पण आज तिला ते ऐकूच आलं नाही. काचेपासून हातभर अंतरावर एक मालट्रक उभा होता. गाड्या तुंबल्या होत्या, सिग्नल बंद पडला होता, कोळशाच्या धुराने सगळा शांतता मार्ग राखेच्या रंगाचा झाला होता. ह्यात नवीन काहीच नव्हतं. ट्रकवर कातडी लादली होती, तेही ह्या दिवसांत नवीन नव्हतं. हिवाळा सरता सरता कुरणांकडून अशा गाड्या येतातच, यंदा जरा जास्तच येत होत्या. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने सुटून फडफडत होतं, आणि त्याखाली, सगळ्यांत वर, घोड्याचं एक करडं कातडं पडलं होतं, थंडीने फळीसारखं कडक झालेलं. मांडीच्या जागी मालकाच्या खुणेचा डाग होता. चुलीची तिवई, तिच्यावर चंद्रकोर, आणि कोरीचं डावं टोक अर्धं. ते टोक तिच्या वडिलांच्या हातून तुटलं होतं, डागणी खडकावर आपटून. जोडून आणू, जोडून आणू म्हणता म्हणता म्हातारा गेला, आणि तेव्हापासून त्यांच्या घराच्या घोड्यांवर अर्ध्या टोकाचीच कोर उमटत आली. साऱ्या मंगोलियात असा डाग दुसऱ्या कुणाचा नाही.

तिने हातब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरली. "आता ही कुठे चालली?" असं मागे कुणीतरी म्हणालं. ट्रकच्या ड्रायव्हरने काच खाली केली तेव्हा तो पाइनच्या बिया फोडून खात होता.

"दादा, हे वरचं कातडं कुठून उचललंत?"

"का हो बाई, पोलिसात लागलात काय?"

"सांगा ना. उंच माणूस होता? उजव्या भुवईत खोक असलेला? एकटाच राहतो."

ड्रायव्हर चावायचा थांबला. "हां, तो होय. मोठा सज्जन माणूस बघा. भावाची घासाघीस नाही, काही नाही. म्हणाला, घेऊन जा सगळं. चहा पाजला. बिनदुधाचा." मग त्याने टरफलं खिडकीबाहेर फुंकली. "मी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, जनावरं धडधाकट आहेत ना? तर म्हणाला, धडधाकट आहेत. आणि बाई, तेव्हा आम्ही दोघं मिळून त्याचीच कातडी ट्रकात चढवत होतो! मी तरी काय करणार? म्हटलं, छान छान."

"दुसऱ्या वाडग्याला थांबला नाहीत?"

"अहो, पुढची खोरी करायची होती. सगळीकडे तेच चाललंय यंदा." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कोण ते?"

"धाकटा भाऊ," दोल्गोर म्हणाली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला होता. ती परत येऊन सीटवर बसली, पायाने कांदे बाजूला सारले आणि बस सुरू केली.

हात आपोआप चालत होते. थांबा आला की दार उघडत होतं, माणसं चढत-उतरत होती, आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: धडधाकट आहेत. हेच वाक्य बाल्दन तिलाही बोलला होता, पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, नव्या वर्षाच्या सकाळी. त्याच्या गेरपाशी, माळावरच्या त्या लोकरी तंबूपाशी, फोन लागत नाही. मागच्या टेकडीवर चढून, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. इकडे तिच्या घरात शेजारपाजार जमला होता, खिमा भरलेल्या बूझची भांडी वाफाळत होती, आणि फोन ह्या हातातून त्या हातात फिरला. प्रत्येकाने विचारलं, हिवाळा सुखाचा जातोय ना? त्याने प्रत्येकाला सांगितलं, सुखाचा. जनावरं धडधाकट ना? धडधाकट. मग फोन तिच्याकडे आला. तिनेही तेच विचारलं, त्यानेही तेच सांगितलं, आणि मग तो गप्प राहिला. वाऱ्याचा घूं घूं आवाज येत राहिला. "ताई," तो म्हणाला होता, "अजून..." आणि ती म्हणाली होती, "अरे, गारठशील. उतर खाली, पुढच्या खेपेला निवांत बोलू." आणि फोन ठेवून दिला होता. मायेनेच ठेवला होता. तेच तर आता सलत होतं. फोनवर कधी चहा असतो का? फोनवर पहिला वाडगाच नसतो, तर दुसरा कुठून येणार, आणि दुसऱ्याशिवाय माणूस बोलणार कसा? साऱ्या देशाला हे माहीत आहे आणि सारा देश फोनवर विचारत सुटला आहे, धडधाकट ना, धडधाकट ना!

तिला राग आला होता. कुणाचा, ते ठरत नव्हतं. त्या ड्रायव्हरचा नव्हता, तो बिचारा छान छान म्हणाला, आणखी काय म्हणणार. रीतीचा म्हणावा तर ती रीत तिच्या हाडात होती. आई गेली त्या वर्षी ती लहान होती, बाल्दन तर रांगतच होता. आईचा देह रीतीप्रमाणे माळावर नेऊन ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक वाटसरू आला, हरवलेले उंट शोधत. बापाने त्याला मानाच्या जागी बसवलं, चहा ओतला. सुखरूप आहात ना सगळे? सुखरूप आहोत. पोरंबाळं, जनावरं? सगळं झकास. मग उंटांचं बोलणं झालं, पाण्याचं झालं, पलीकडच्या खोऱ्यातल्या लग्नाचं झालं, पाहुणा हसला, बापही हसला, आणि चुलीमागे बसलेल्या दोल्गोरला वाटलं की आता उठावं आणि ह्या दोघांच्या डोक्यावर पातेलं उपडं करावं. तिसरा वाडगा ओतताना बाप सहज बोलल्यासारखं म्हणाला, "ह्यांची आई काल गेली." पाहुण्याने वाडगा खाली ठेवला. मग त्या परक्या माणसाने पुढे होऊन बापाचे दोन्ही हात धरले आणि बाप रडला. आईला उचलून नेलं तेव्हाही न रडलेला बाप, उंट हरवलेल्या एका अनोळखी माणसासमोर रडला. तेव्हा तिला कळलं होतं की हे तीन वाडगे कशासाठी आहेत. आलेल्या माणसाच्या अंगावर आपलं दुःख दारातच टाकायचं नाही. त्याला आधी ऊब घेऊ द्यायची, आपल्यालाही धीर गोळा करू द्यायचा. चांगलंच आहे की. पण त्यासाठी पाहुण्याने बसायला हवं. कुणी बसतच नसेल तर?

कुणी बसतच नसेल तर काय होतं, हेही तिला ठाऊक होतं. मागच्या झूदमध्ये, गवतावर बर्फाचं झाकण बसून कळप उभ्या उभ्या मेले होते त्या वर्षी, पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाने आल्यागेल्याला चहा पाजला, सगळ्यांना सगळं झकास म्हणून सांगितलं, आपलं सामान नीट आवरून ठेवलं आणि एका पहाटे अंगरखा न घालता माळावर चालत गेला. लोक हळहळले. काही बोलला असता तर, म्हणाले. बाल्दन तेव्हा त्याला शोधायला गेला होता. त्याने नंतर दोल्गोरला एवढंच सांगितलं होतं, "बूट मात्र काढून ठेवले होते, ताई. चांगले होते ना, कुणाच्या तरी कामाला यावेत म्हणून." नदीपाशी बस वळवताना तिला हे वाक्य आठवलं. बाल्दन त्याच जातीचा होता. धाकटा म्हणून आईबापांची चूल त्याच्याकडे आली, आणि चूल आली म्हणून तो तिथेच राहिला. मुली शिकायला शहरात येतात, मुलगे मेंढरांमागे राहतात, आणि मग त्यांना मुली मिळत नाहीत. त्याने कधी तक्रार केली नाही. तिला शहरात पाठवायला त्याने आपली शाळा सोडली होती, तेव्हाही म्हणाला होता की मला कुठे अभ्यासात गोडी आहे, आणि तिने ते खरं मानलं होतं. मानायला सोयीचं होतं.

आणि ती स्वतः? तिने काय वेगळं केलं होतं? "भावजी बरे आहेत ना?" असं बाल्दन दर वेळी विचारायचा. "बरे आहेत, काम फार असतं," असं ती दर वेळी सांगायची. भावजी, म्हणजे तिचा नवरा चुलून, कोरियात कारखान्यात होता. पानगळीपासून त्याचा फोन नाही. तिथे त्याने दुसरं घर मांडलंय, हे तिला त्याच्याच मित्राच्या बायकोने सांगितलं, तेही फार मजेत सांगितलं. शेजाऱ्यांना माहीत होतं, डेपोत माहीत होतं, फक्त भावाला माहीत नव्हतं. टेकडीवर वाऱ्यात उभा राहून तो विचारायचा आणि ती म्हणायची, बरे आहेत. म्हणजे दोन खोटारडे, एक टेकडीवर आणि एक नवव्या मजल्यावर, एकमेकांची काळजी घेत बसले होते. तिला एकदम हसूच आलं. आरशात पाहणाऱ्या एका मुलीने घाबरून नजर वळवली.

डेपोत बस लावून ती सरळ दमदिनकाकांच्या खोलीत गेली. डेपोचे साहेब. वयस्क, पोट सुटलेले, मनाने वाईट नव्हेत.

"काका, मी गावी चालले. उद्याच्या गाडीने."

"चालले? चालले म्हणजे काय? रस्त्यात बस सोडून उतरलीस म्हणून माझ्याकडे तक्रार आलीय, आधी ते सांग!"

"उतरले होते. तक्रार खरी आहे."

"अगं, निदान नाही तरी म्हण!" दमदिनकाकांनी कपाळावर हात मारला. "निम्मे ड्रायव्हर तापाने पडलेत. महिनाअखेर रजा मिळेल. भाऊ आजारी आहे का? काल-परवाच म्हणत होतीस, तिकडे सगळं झकास."

"तेच तर. झकास म्हणतोय तो."

काकाही गावाकडचेच होते, पश्चिमेकडच्या डोंगरातले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. तो बोलेपर्यंत. मग पुढचं बघू."

"तुझी जागा मी अशी मोकळी ठेवू शकत नाही, दोल्गोर."

"नका ठेवू," ती म्हणाली. हे बोलताना आपल्याला भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही.

गाडी म्हणजे जुनी करडी रशियन व्हॅन, माणसं, पीठ आणि टायर एकत्र कोंबलेली. डांबर संपलं आणि खिडकीबाहेर माळ सुरू झाला, पांढरा, मग तपकिरी, मग पुन्हा पांढरा. रस्त्याच्या कडेला मेंढ्या बसलेल्या दिसत होत्या. बसलेल्या नव्हत्या. व्हॅनमधली माणसं आधी गाणी म्हणत होती, हळूहळू गप्प झाली. पाणी प्यायला थांबलं की तिथला कुणी बाहेर यायचा, व्हॅनचा ड्रायव्हर विचारायचा, वसंत सुखाचा येतोय ना? आणि मेलेल्या जनावरांच्या ढिगाशेजारी उभा राहून तो माणूस म्हणायचा, सुखाचा. दोल्गोर ऐकत राहिली. फोन तिने वाटेत लावून पाहिला, लागला नाही, आणि लागला नाही ह्याचं तिला बरंच वाटलं. लागला असता तर तिने पुन्हा तेच विचारलं असतं, तोंडाला वळणच तसं होतं. आता तिला जायचंच होतं आणि बसायचं होतं. तीन वाडगे काय, तीस वाडगे पिईन, पोट फुटलं तरी चालेल, पण तो बोलल्याशिवाय उठणार नाही. आणि चालत गेला असेल तर? ह्या प्रश्नापाशी तिचं मन दर वेळी पोचायचं आणि ती त्याला मागे ओढायची. ट्रकवाल्याने पाहिला तेव्हा तो होता. तेवढ्यावर ती तग धरून होती.

तालुक्याच्या गावाहून एका मोटारसायकलवाल्याने तिला हिवाळी तळापर्यंत सोडलं. तो दुपारचा लख्ख उजेड होता, डोळे दुखवणारा. दगडी कोंडवाडा, त्याच्या मागे ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी उंच, आणि गेर. धुराड्यातून धूर येत होता. तो धूर पाहिल्यावर ती तिथेच बर्फात क्षणभर उकिडवी बसली. मग उठून पाहुण्याच्या रीतीने ओरडली, "कुत्रं धरा रे!" कुत्रं कोंडवाड्याच्या भिंतीशी पडलं होतं, त्याने फक्त शेपूट हलवली.

दार उघडून बाल्दन बाहेर आला. तो इतका वाळला होता की अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. गालांवर थंडीने करपल्याचे काळे डाग. पण दाढी केलेली, केस ओले करून विंचरलेले. "ताई? अगं तू कशी काय?" म्हणत त्याने तिची पिशवी घेतली, आणि ती आत गेली.

आत सगळं आवरलेलं होतं. फार आवरलेलं. पांघरुणं घडी करून रचलेली, भांडी घासून पालथी, आणि मानाच्या जागी बापाचं खोगीर ठेवलेलं, चांदीचे बिल्ले चकाकेपर्यंत पुसलेलं, त्यावर निळा रेशमी रुमाल अंथरलेला. तिने ते पाहिलं आणि तिला सगळं समजलं. विचारायला काही उरलंच नाही. बाल्दनने चहा ओतला, काळा, मिठाचा, आणि उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून, वाडगा तिच्यापुढे धरला. मग आपल्या जागी बसला आणि अगदी बापासारखा ताठ होत म्हणाला, "प्रवास सुखाचा झाला ना? शहरात सगळे सुखरूप? भावजी बरे आहेत?"

तिचे ओठ हललेही. बरे आहेत, हे शब्द जिभेवर येऊन उभे होते. तिने ठरवलं होतं ते हेच, की बसायचं, प्यायचं, वाट पाहायची. पण त्या खोगिराकडे पाहून तिला वाटलं की तिसऱ्या वाडग्यापर्यंत थांबायला आपल्यापाशी वेळ नाही, ह्याच्यापाशी तर नाहीच.

"नाही," दोल्गोर म्हणाली.

बाल्दनचा हात पातेल्यावरच थांबला.

"बरे नाहीत. सुखरूप नाही. चुलून मला सोडून गेला. पानगळीतच गेला. मी तुला खोटं सांगत आले."

"ताई!" तो दचकून दाराकडे पाहू लागला, जणू कुणी ऐकत होतं. "अगं, पहिला वाडगा तरी पी! आल्या आल्या असं कुणी बोलतं का?"

"मी बोलते. नोकरीही बहुतेक गेली असेल. रात्री मला झोप येत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, आणि तुला सगळं झकास म्हणून सांगून फोन ठेवते. झालं सांगून. आता मी विचारते." ती त्याच्याजवळ सरकली. "जनावरं धडधाकट आहेत ना, बाल्दन?"

चुलीत शेण्या जळत होत्या. त्याने चिमटा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. त्याचा चेहरा तोंडापासून वाकडा व्हायला लागला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा, आधी ओठ, मग हनुवटी.

"नाहीत," तो म्हणाला.

आणि मग तो थांबलाच नाही. करडा सगळ्यांत आधी गेला, उभ्या उभ्या, डोळे उघडे ठेवून. मेंढ्या एकमेकींची लोकर खात होत्या. वारा खोऱ्यातला बर्फ उडवून गवत उघडं करेल असा भरवसा ठेवला होता, वारा खाली आलाच नाही. रोज सकाळी मेलेली ओढून काढायचो, ताई, रोज, हात चालेनासे झाले. तिने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते. तो रडत होता आणि बोलत होता आणि मध्येच चुलूनला शिव्या देत होता, "त्या हलकटाला मी घोडा दिला होता लग्नात, चांगला घोडा!" आणि त्यावर दोघंही रडता रडता हसली. चहा थंड होऊन गेला.

"काय उरलंय?" शेवटी तिने विचारलं.

"थोड्या शेळ्या. आणि तांबडी घोडी. तीही नावालाच."

"आणि हे खोगीर?"

त्याने तिकडे पाहिलं नाही. "तुझ्यासाठी काढून ठेवलं होतं," तो हळूच म्हणाला. "शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, ताईला पोचवा म्हणून."

"मी तारेवरची बस चालवते," दोल्गोर म्हणाली. "त्यावर खोगीर चढत नाही." तिला त्याला थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि पोटाशीही धरावंसं वाटत होतं, तिने काहीच केलं नाही, उठली आणि कमरेचा पट्टा आवळला. "त्या ताडपत्रीखाली काय आहे ते मी पाहिलं नाही, पण मला माहीत आहे. बर्फ वितळायच्या आत ती मढी घळीत नेऊन पुरायला हवीत, नाहीतर रोग पसरून शेळ्याही जातील. एकट्याने होणारं काम नव्हतं ते. आता आपण दोघं आहोत."

"आज?"

"मग कधी? उजेड आहे अजून. दोर कुठे आहेत?"

"कोंडवाड्यात," तो म्हणाला. "पण ओढायचं कशाने, घोडी अशक्त आहे."

"थोडं थोडं ओढेल. आपणही ओढू."

ती बाहेर पडली. थंडी गालांना चावली. तिने भिंतीशी पडलेले दोर सोडवायला घेतले. बर्फाने ते एकमेकांत गच्च बसले होते, आणि तिची शहरातली नखं तुटली. एक गाठ सुटली, दुसरी सुटली. मागे दाराचा आवाज झाला तरी तिने वळून पाहिलं नाही, ती गाठीशीच झटत राहिली. बर्फावर त्याची पावलं वाजली, तिला ओलांडून पुढे गेली. मग तिने मान वर केली. बाल्दन बापाचं खोगीर दोन्ही हातांत घेऊन चालला होता, निळा रुमाल त्याने काढून अंगरख्यात खोचला होता, आणि तो घोडीला काहीतरी पुटपुटत, समजावत, तिच्या पाठीवर खोगीर चढवत होता.